दात उजळण्याची सेवा आणि जुन्या सिमेंटची कड: फोंड्यातील एका दवाखान्याविषयी

फोंडा शहरातील एका खासगी दवाखान्यात मी नुकतेच दात उजळून घेतले. माझ्या पुढच्या एका दातात दातांच्याच रंगाचे जुने सिमेंट आहे आणि एका दाढेत त्याहूनही जुनी चांदी. त्यामुळे दात किती पांढरे झाले यापेक्षा, भरलेल्या दातांचा विचार तेथे कितपत झाला, यावरच या सेवेची पारख करणे मला योग्य वाटते.

या कसोटीला दवाखाना बहुतांशी उतरला. औषध लावण्यापूर्वी डॉक्टरांनी प्रत्येक सिमेंटची कड बारीक सळईने तपासली आणि शंका आली तेथे एक्स-रे काढला. भरलेले सिमेंट आणि दात यांच्यामध्ये कालांतराने डोळ्यांना न दिसणारी फट पडू शकते; तिच्यातून लाळ आणि जंतू आत झिरपतात व पुढे कडेला काळी रेघ, ठणका किंवा नवी कीड असे परिणाम दिसतात. दात उजळण्यासाठी दवाखान्यात वापरले जाणारे औषध, म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड, साधारणतः २५ ते ४० टक्के तीव्रतेचे असते आणि त्याचे रेणू इतके लहान असतात की ते धड दाताच्या कवचातूनही आतल्या नसेपर्यंत पोहोचतात. कड उघडी असेल तर त्यांना जवळची वाटच मिळते. माझ्या दाढेची कड सैल आढळल्यामुळे ती आधी तात्पुरती बंद करण्यात आली, हे मला विशेष आवडले.

या औषधाने घट्ट बसलेले सिमेंटही सैल होते का, असे मी डॉक्टरांना विचारले. रंगद्रव्य झिरपवून केलेल्या प्रयोगशाळेतील चाचण्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. काहींमध्ये गळती वाढलेली दिसते, विशेषतः हिरडीलगत, जेथे कवच संपते, तर काहींमध्ये फरकच आढळत नाही, असे त्यांनी सरळ सांगितले. ‘काहीही होत नाही’ असे ठोकून देणाऱ्यांपेक्षा हे उत्तर मला अधिक भरवशाचे वाटले.

उजळण्याच्या औषधाने सिमेंटचा रंग बदलत नाही, त्यामुळे शेजारचे दात पांढरे झाल्यावर माझे पुढचे सिमेंट पिवळट दिसू लागले. ते त्याच दिवशी बदलून द्यावे, ही माझी विनंती डॉक्टरांनी मानली नाही, आणि त्यांचे कारण पक्के होते. पेरॉक्साइडचा प्राणवायू काही काळ दातातच राहतो. त्याच्या सान्निध्यात सिमेंटमधील रेझिन (त्याला घट्टपणा देणारा राळेसारखा घटक) नीट घट्ट होत नाही, दाताला धरणारी पकड कमकुवत राहते आणि नवी कड पहिल्या दिवसापासूनच गळकी ठरू शकते. सोडियम अ‍ॅस्कॉर्बेट (क जीवनसत्त्वाचा क्षार) लावून हा दोष कमी करता येतो, असे प्रयोगशाळेत आढळले आहे. तरीही त्यांनी दोन आठवडे थांबणेच पसंत केले. मधल्या काळात दाताची छटाही स्थिर होते, त्यामुळे नव्या सिमेंटचा रंग बरोबर जुळला.

उणिवा दोन आहेत. पथ्याचा कागद केवळ इंग्रजीत असून त्यात कॉफी आणि रेड वाइन टाळण्याची सूचना आहे, पण सोलकढी आणि हळद घातलेले हुमण यांचा उल्लेखही नाही. गोव्यातल्या घरात पथ्य मोडायचे ते याच ताटावर. दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. दरफलकावर केवळ दात उजळण्याचा दर लिहिलेला असतो, नंतर बदलाव्या लागणाऱ्या सिमेंटचा खर्च मात्र खुर्चीत बसल्यावरच कळतो.

पुढच्या दातांत बरीच सिमेंटे असतील, तर आधी ती कोठेतरी तपासून घ्यावीत. बांबोळीच्या गोवा दंत महाविद्यालयातही ही सोय आहे. मग या दवाखान्यात जाण्यास हरकत नाही, परंतु प्रत्येक सिमेंटचा दर औषध लावण्यापूर्वी लेखी मागून घ्यावा.