पायथॉनचे एसएसएल मॉड्यूल: काही महिन्यांच्या वापरानंतर

पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेतील एसएसएल मॉड्यूलविषयी (नेटवर्कवरील जोडण्या कूटबद्ध करून सुरक्षित ठेवणाऱ्या भागाविषयी) चांगले बोलणारे फारसे भेटत नाहीत, पण ३.१३ आवृत्तीवर काही महिने रोजचे काम केल्यावर माझे मत बरेच अनुकूल झाले आहे. लोअर परळच्या आमच्या कार्यालयातून मालवाहतुकीच्या नोंदी भागीदारांच्या सर्व्हरकडे जातात, त्या याच मॉड्यूलवरून.

यातील सर्वांत विचारपूर्वक केलेला भाग म्हणजे क्रिएट_डिफॉल्ट_काँटेक्स्ट हे फंक्शन; ते काँटेक्स्ट, म्हणजे जोडणीच्या सुरक्षेच्या नियमांचा संच, तयार करते. ते वापरले की सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या प्रमाणपत्रांची साखळी आणि सर्व्हरचे नाव या दोन्हींची तपासणी न सांगता होते. नावाची तपासणी चालू असताना व्हेरिफाय_मोडला सर्ट_नन (म्हणजे ‘प्रमाणपत्र तपासू नको’) देऊ पाहिले तर व्हॅल्यूएरर ही त्रुटी येते. आधी चेक_होस्टनेम, म्हणजे नावाची तपासणी, बंद करावे लागते. असुरक्षित वाट असावी, पण तिथे जाणाऱ्याला दोन ओळी मुद्दाम लिहाव्या लागाव्यात आणि कोड रिव्ह्यू करणाऱ्याला त्या खटकाव्यात, ही योजना मला पटते. मॉड्यूलपातळीवरचे जुने रॅप_सॉकेट हे जोडणी सुरक्षित करणारे फंक्शन स्वतःहून काहीच तपासत नसे, ते ३.१२ मध्ये काढून टाकले, हे उत्तमच झाले.

३.१३ पासून हेच फंक्शन एक्स५०९ या प्रमाणपत्रांच्या मानकानुसार कडक तपासणीही लावते. आवृत्ती बदलताच एका भागीदाराची अंतर्गत प्रमाणपत्रे नाकारली जाऊ लागली. त्यांत अथॉरिटी की आयडेंटिफायर (प्रमाणपत्र देणाऱ्याची किल्ली ओळखू देणारी नोंद) नव्हता आणि त्रुटीच्या संदेशात तेच स्पष्ट लिहिले होते. नवी प्रमाणपत्रे मिळेपर्यंत त्या एका काँटेक्स्टवरून व्हेरिफाय_एक्स५०९_स्ट्रिक्ट हा कडक तपासणी लावणारा फ्लॅग काढला, बाकीची तपासणी तशीच ठेवली. इतका नेमका बदल करता येतो, हे इंटरफेसचे श्रेय आहे.

तक्रार आहे ती शेजारच्या मॉड्यूलांविषयी. एचटीटीपीएसच्या जोडणीत तपासणी २.७.९ आणि ३.४.३ पासून आपोआप होते; एसएमटीपीलिब या मेल पाठवणाऱ्या मॉड्यूलला मात्र काँटेक्स्ट दिला नाही, तर ते प्रमाणपत्र न तपासताच जोडणी करते आणि मेलबॉक्सचा पासवर्डही (!) त्याच जोडणीवरून जातो. एकाच लायब्ररीत दोन न्याय कशासाठी? आम्ही काँटेक्स्टशिवाय केलेला स्टार्टटीएलएसचा (मेलची जोडणी सुरक्षित करणारा) कॉल सीआयमध्येच, म्हणजे कोडच्या स्वयंचलित चाचण्यांतच, अडवतो.

मॉड्यूल ज्या ओपनएसएसएल या कूटबद्धीकरणाच्या लायब्ररीवर उभे आहे तिच्याशी असलेली घट्ट गाठही जाचते. ती सैल करू पाहणारा पेप ५४३ हा पायथॉनमधील बदलाचा २०१६ चा प्रस्ताव पुढे मागे घेण्यात आला. परिणामी पायथॉनच्या अधिकृत इन्स्टॉलरने बसवलेली आवृत्ती मॅकच्या कीचेनमधील (प्रमाणपत्रे व पासवर्ड साठवणाऱ्या जागेतील) प्रमाणपत्रे पाहत नाही, आणि नव्या सहकाऱ्यांना कंपनीचे मूळ प्रमाणपत्र (साखळीच्या मुळाशी असलेले रूट प्रमाणपत्र) आम्ही वेगळ्या फाइलने देतो.