भिंग, वही आणि साठ शब्द: नऊ महिन्यांचा अनुभव

गेल्या जूनमध्ये दोन गोष्टी एकदमच घेतल्या. एक दहापट मोठं दाखवणारं घडीचं भिंग आणि एक दोनशे पानी वही. वहीत झाडांचं वर्णन करायचे साठेक शब्द उतरवले: उपपर्ण, छद, पर्णिका, निदलपुंज, कणिश, बोंड असे. आता मार्च आलाय. भिंगाबद्दल सांगण्यासारखं थोडं आहे, ते आधी उरकते.

भिंग डोळ्याला अगदी लावून धरायचं आणि पान त्याच्याजवळ आणायचं. पानावर भिंग टेकवून लांबून बघितलं तर सगळं पुसट दिसतं. पान इंचभरावर आलं की एकदम लख्ख. जुलैत मुंबईची दमट हवा काचेच्या आत शिरली. तेव्हापासून ते सिलिका जेलच्या पुड्या टाकलेल्या डबीत ठेवते. खिळ्याला थोडा गंज धरलाय. गळ्यात दोरीने अडकवावं, खिशात ठेवलेलं भिंग बाहेर काढायचा कंटाळा येतो. बाकी तक्रार नाही.

आता शब्द. मी बोरिवली पूर्वेला राहते, रविवारी सकाळी संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीच्या रस्त्याने चालायला जाते. तिथे काही तोडायचं नसतं, म्हणून झाडाजवळ उभं राहून बघायचं, नाहीतर खाली पडलेलं उचलून बघायचं. आधी मी फुलांचे फोटो काढून घरी आणायचे आणि ओळखणाऱ्यांना पाठवायचे. त्यांचं एकच उत्तर असायचं: पानं कशी होती, समोरासमोर की एकाआड एक? ते कधी बघितलेलंच नसायचं.

पहिला शब्द हातात बसला तो शेवळामुळे, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला मिळणाऱ्या रानभाजीमुळे. जूनमध्ये स्टेशनबाहेर आदिवासी मावश्या शेवळं घेऊन बसतात. जुडी घेताना मावशी म्हणाल्या, “पिवळं काढून टाक गं, नायतर घसा धरंल.” आईही वर्षानुवर्षं तेच सांगत आली आहे. या वेळी एक शेवळं उभं चिरलं आणि भिंगाखाली धरलं. बाहेरचं जांभळट आवरण म्हणजे महाछद (छद म्हणजे फुलाच्या किंवा फुलोऱ्याच्या बुडाशी असणारं पान), आतला फुलं धरणारा जाड दांडा म्हणजे स्थूलकणिश. दांड्याच्या अगदी तळाशी मादीफुलं दाटीवाटीने बसलेली, त्यांच्यावर पिवळा पट्टा, आणि त्याच्यावर लांब, गडद, एकही फूल नसलेला शेंडा. तो पिवळा पट्टा म्हणजे नरफुलं! आई जे काढून टाकते त्याला नाव आहे, जागा आहे. सुरणाच्या कुळातल्या या वनस्पतींमध्ये कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुया असतात, त्याच घशाला टोचतात, आणि भाजीत काकडं, म्हणजे काकड झाडाची आंबट फळं, घालायची ती या खाजेवर उतारा म्हणून. त्या दिवशी भाजी अर्धा तास उशिरा झाली, पण आईनेही भिंगातून बघितलं.

दुसरा शब्द पर्णिका. पळसाला पाने तीनच, हे लहानपणापासून तोंडात आहे. पण ती तीन पानं नाहीत, एकाच पानाच्या तीन पर्णिका आहेत. कसं ओळखायचं? देठ जिथे फांदीला मिळतो त्या बगलेत बघायचं. तिथे मुकुल, म्हणजे बारीक कळी, असते. पर्णिकेच्या बगलेत ती कधीच नसते. ही एक खूण कळली आणि शेवगा, गुलमोहर, टाकळा यांचं पान नेमकं कुठे सुरू होतं ते दिसायला लागलं. टाकळ्याच्या पानात तर आणखी एक गंमत आहे. पर्णिकांच्या तीन जोड्यांपैकी खालच्या दोन जोड्यांच्या मधोमध उभी, काडीसारखी ग्रंथी असते. याच्या जवळच्या दुसऱ्या जातीत ती फक्त सगळ्यात खालच्या जोडीत असते, आणि लोक दोन्हींना टाकळाच म्हणतात. भाजीच्या जुडीत मी पंधरावीस पानं तपासली, सगळ्यांत ग्रंथी दोन निघाल्या.

नऊ महिन्यांनंतर माझं ठाम मत झालंय की आकार सांगणाऱ्या शब्दांपेक्षा ठिकाण सांगणारे शब्द कितीतरी जास्त कामाचे. अंडाकृती, भालाकृती, हृदयाकृती, व्यस्त अंडाकृती हे मी सगळ्यांत आधी पाठ केले, कारण चित्रं सुंदर होती. प्रत्यक्षात एकाच कुर्डूवर खालची पानं वेगळी आणि वरची वेगळी. आमच्या इमारतीच्या मागे गटाराच्या कडेला एक रोप उगवलं होतं, पानांना खोल खाचा. ऑगस्टभर मी खंडित पानांच्या झाडांमध्ये ते शोधत राहिले. मग एकदा खोडाकडे भिंग नेलं. प्रत्येक देठाच्या जागी खोडाभोवती पूर्ण कडं होतं. उपपर्ण, म्हणजे देठाच्या बुडाशी येणारं छोटं पान, कळीला गुंडाळून असतं, ते गळून पडलं की असा वण उरतो. पान खुडलं तर पांढरा चीक. म्हणजे वडाचं कूळ. कुणीतरी खाऊन टाकलेल्या आठळीतून आलेला फणस होता तो! फणसाच्या कोवळ्या रोपाची पानं खाचांची असतात, मोठ्या झाडाची अखंड. आकार वयानुसार बदलला, कडं जागच्या जागी राहिलं. अर्थात ठिकाणही दर वेळी कायम राहतंच असं नाही; निलगिरीची कोवळी पानं समोरासमोर असतात आणि पुढे एकाआड एक होतात. तरी आकारापेक्षा भरवशाचं.

कदंबाचंही तसंच. पानं समोरासमोर, आणि दोन देठांच्या मध्ये, फांदीवर, एक छोटं त्रिकोणी उपपर्ण. एवढ्या एका खुणेवर कदंब, बारतोंडी, गेळा एका कुळात येऊन बसतात. फूल लागत नाही, फळ लागत नाही.

तक्रार करायची तर ती शब्दांच्या दुफळीबद्दल. फुलाच्या चार भागांना, बाहेरून आत, शाळेच्या पुस्तकात निदलपुंज, दलपुंज, पुमंग, जायांग. मराठी विश्वकोश उघडला की संवर्त, पुष्पमुकुट, केसरमंडल, किंजमंडल. शिकणाऱ्याने काय करायचं? माझ्या वहीत आता दोन रकाने आहेत. त्यात एका कार्यशाळेत वाटलेल्या यादीत गुलुच्छ आणि चामरकल्प या फुलोऱ्याच्या दोन प्रकारांची अदलाबदल झालेली होती. दोन महिने मी चुकीचं लिहीत होते. सुटका केली ती खिडकीतल्या कुंडीतल्या कोथिंबिरीने. तिला तुरे आले तेव्हा सगळे देठ छत्रीच्या काड्यांसारखे एकाच बिंदूतून निघालेले दिसले. हा चामरकल्प. गुलुच्छात देठ दांडीवर वेगवेगळ्या उंचीवरून निघतात आणि वर जाऊन एका पातळीत येतात. जो कुणी अशा याद्या छापतो त्याने एकदा तरी कोथिंबीर समोर ठेवून तपासावं, एवढी मनापासून विनंती.

दुसरीकडे किती शब्द आपल्याकडे आधीच आहेत! देठ, शेंग, बोंड, आठळी, लव, चीक, कणीस, तुरा. दीपमाळ या रानझाडाचं नाव तर अख्खं वर्णन आहे: चौकोनी दांडा, समोरासमोर पानं, आणि पेरापेरावर देवळासमोरच्या दीपमाळेसारखे फुलांचे गोल. रेल्वेच्या कडेची एकदांडी घ्या. जे एक फूल वाटतं ते स्तबक, म्हणजे बारीक फुलांचा गुच्छ, असतं. कडेला तीन दातांची किरण पुष्पकं, मध्ये पिवळी बिंब पुष्पकं. आणि उंबर. ‘उंबराचं फूल’ म्हणजे दुर्मीळ माणूस, असं आपण म्हणतो. खाली पडलेलं उंबर मी ब्लेडने अर्धं केलं, तर आतल्या भिंतीवर सगळी फुलंच फुलं, आणि एक मेलेलं चिलट. याला कुंभासनी फुलोरा म्हणतात. वहीतला माझा सगळ्यांत आवडता शब्द हाच.

वही घ्यायचीच असेल तर सुरुवातीला साठ शब्द घेऊ नका. एकाआड एक, समोरासमोर, पर्णिका, उपपर्ण, छद, एवढे पाच घेऊन महिनाभर फिरा. माझ्या साठांपैकी तीसेक शब्द अजून एकदाही वापरले गेलेले नाहीत.

एक रुखरुख मात्र आहे. कारवी हे झुडूप आठ वर्षांनी फुलतं. उद्यानात ती 2016 नंतर 2024 मध्ये फुलली, तेव्हा मी तिच्यासमोर उभी होते आणि माझ्याकडे ना भिंग होतं ना शब्द. जांभळी फुलं, एवढंच आठवतं. छद कसे होते, कणिश, म्हणजे फुलं धरणारा दांडा, कुठून निघालं होतं, काहीच बघितलं नाही. सध्या तिची पानं बघते: समोरासमोर, पण एका जोडीतलं एक बरेचदा दुसऱ्याहून लहान. वहीत तिच्यासाठी दोन पानं कोरी ठेवली आहेत, वर 2032 लिहून.