मोका चाचणी आणि सव्वाशे किलोचा पेशंट

वजनाच्या ओपीडीत आता कुठे कुठे स्मरणशक्तीही तपासतात. त्यासाठी बहुधा 'मोका' नावाचा एक पानभर कागद पुढे येतो. मॉन्ट्रिअलच्या झियाद नासरेद्दीन यांनी तो तयार केला, 2005 मध्ये तो प्रसिद्ध झाला. गुण 30, वेळ दहा-बारा मिनिटं. मराठीतही उपलब्ध आहे. जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या पेशंटला, त्यातही बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) 40 च्या पुढे असलेल्याला, हा कागद कितपत लागू पडतो ते इथे बघू. निकाल आधीच सांगून टाकतो: पाचपैकी साडेतीन. कागद चांगलाच आहे. पण तो कुठल्या खुर्चीवर, कुठल्या वेळी आणि कुठल्या बोलीत सोडवला यावर गुण गळतात, आणि गळालेले गुण सरळ मेंदूच्या नावावर मांडले जातात.

मुळात तपासायचं कशाला? अतिलठ्ठपणात नावं-गावं विसरण्यापेक्षा आखणी, एका कामातून दुसऱ्यात जाणं, स्वतःला वेळीच आवरणं आणि दोन गोष्टी एकाच वेळी डोक्यात धरणं या बाबी जास्त मंदावलेल्या दिसतात. इन्सुलिनला न जुमानणारं शरीर, आत चालू असलेली बारीक सूज, रक्तदाब आणि तुटक झोप हे त्यामागचे धागे. हे सरासरीचं बोलणं आहे. समोर बसलेला अमुक माणूस मंद आहे असा त्याचा अर्थ कोणी काढू नये. वजन कमी करण्याचं ऑपरेशन करायचं असेल, तर पुढची पथ्यं आणि गोळ्या याच क्षमतांवर चालतात, म्हणून तपासणी हवी.

पहिली गळती खुर्चीत. हाताची खुर्ची असेल तर पेशंट तिरका बसतो. पोट टेबलाला टेकतं, कागद हातभर लांब जातो, आणि मग चाचणीत काढायला दिलेली घनाची आकृती वाकडी येते, घड्याळाच्या चित्रातले काटे भलतीकडे जातात. घनाला 1, घड्याळाला 3, म्हणजे चार गुण टेबलाच्या उंचीवर गेले. बिनहाताची रुंद खुर्ची आणि मांडीवर ठेवायला पुठ्ठ्याचं पॅड, एवढ्यानं काम होतं. बोटांना मुंग्या येतात का तेही विचारावं. या वजनात मनगटातली नस दबणं नेहमीचं आहे, आणि पेन धरवत नसेल तर दोष चित्रकलेचा नाही.

दुसरी गळती वेळेची. धडगाव किंवा अक्कलकुव्याहून पहाटेच्या यष्टीनं निघालेला माणूस रिकाम्या पोटी रक्त देतो, लिफ्ट बंद म्हणून जिना चढतो आणि धापा टाकत असतानाच त्याला लक्षात ठेवायचे पाच शब्द ऐकवले जातात. त्यात सकाळची शुगरची गोळी घेऊन नाश्ता झाला नसेल, तर साखर उतरलेली असू शकते. आधी नाश्ता, मग वीस मिनिटं शांत बसणं, बोटावरची साखर बघणं आणि मगच कागद. रक्तदाब मोजायचा तर मोठा पट्टा लावून. दंडाचा घेर 34 सेंटिमीटरच्या वर असेल तर साधा पट्टा आकडा फुगवून दाखवतो.

आता बोली. इथे खानदेशचा पेशंट हमखास मार खातो. वाक्य पुन्हा म्हणण्याचे 2 गुण आहेत आणि नियम शब्दशः म्हणण्याचा. घरी अहिराणी बोलणारी बाई अर्थ तंतोतंत पकडते, पण तोंडून 'मला'चं 'माले' आणि 'घरात'चं 'घरमा' निघतं. नियमानं गुण शून्य. आमच्या मते नियम मोडू नये, गुण कापावा, पण समासात 'अहिराणी, अर्थ बरोबर' असं लिहावं. लेवा बोली किंवा पावरी बोलणाऱ्यांनाही हेच लागू. तारखेच्या प्रश्नाचंही तसंच. 'आखाजी होईसन चार दिन झायात' (अक्षय्य तृतीया होऊन चार दिवस झाले) असं बिनचूक सांगणारी बाई इंग्रजी तारखेवर अडते. गुण जाईल, पण तिचा काळाचा पत्ता शाबूत आहे ही नोंद निकालापेक्षा मोलाची.

शंभरातून सात-सात वजा करण्याचे 3 गुण. बरोबर उत्तरं 93, 86, 79, 72, 65. मराठीत यात एक खड्डा आहे: एकोणऐंशी. मनात 79 असतं आणि तोंडून एकोणनव्वद निघतं. म्हणून 'आकड्यात सांगा, सात आणि नऊ' असं म्हणवून खात्री करावी. गुण देतानाची चूक याहून मोठी. प्रत्येक वजाबाकी स्वतंत्र मोजायची असते. पेशंट 92, 85, 78, 71, 64 म्हणाला, तर चूक फक्त पहिली. पुढच्या चार बरोबर, म्हणजे पूर्ण 3 गुण. घाईत असलेला सहायक इथे शून्य देऊन मोकळा होतो. बाकी, बाजारात केळीचा हिशेब तोंडी करणाऱ्याला हा भाग हातचा मळ वाटतो आणि घड्याळ काढताना त्याचाच घाम निघतो.

शिक्षण 12 वर्षं किंवा कमी असेल तर 1 गुण वाढवून द्यायचा, तो विसरला जातो. एकूण 26 किंवा वर असेल तर सर्वसाधारण समजतात. शाळेचं तोंडच न पाहिलेल्याला हा कागद देऊच नये. त्यांच्यासाठी 'मोका-बेसिक' नावाची वेगळी आवृत्ती आहे. शिवाय चाचणी घेणाऱ्यानं अधिकृत प्रशिक्षण घेतलेलं असावं लागतं. आणि कागद स्वच्छ छापलेला हवा: त्यात प्राण्यांची चित्रं ओळखायची असतात, आणि फिकट झेरॉक्सवर गेंडा आणि रानडुक्कर यातला फरक डॉक्टरलाही सांगता येत नाही.

दीड गुण कापला तो मात्र दुसऱ्याच कारणासाठी. हा कागद मुळात उतारवयातला सौम्य विसराळूपणा पकडायला केलेला आहे. पस्तिशीतल्या, बीएमआय 45 च्या माणसाला 28 गुण मिळतात, आणि तोच माणूस आठवड्याच्या गोळ्या लावताना गडबडतो. शब्द सांगण्याचं एक मिनिट सोडलं, तर यात वेग कुठे मोजलाच जात नाही. म्हणून जोडीला ट्रेल मेकिंग या चाचणीचे दोन्ही भाग स्टॉपवॉच लावून घ्यावेत. 'अ' भागात आकडे क्रमानं जोडायचे, 'ब' भागात एक आकडा, एक अक्षर. दोन्हीच्या वेळेतला फरक बोलका असतो.

त्याहून उपयोगी म्हणजे खरा गोळ्यांचा डबा. सात दिवसांचा, तीन खणांचा डबा पुढे ठेवायचा. सूचना तीनच: कॅल्शियम आणि लोहाच्या गोळीत निदान दोन तास अंतर, मल्टिव्हिटॅमिन रोज एक, जेवताना पाणी नाही, अर्ध्या तासानं. मग डबा भरू द्यायचा आणि 'आता तुम्ही मला सांगा' म्हणायचं. लोह आणि कॅल्शियम एकाच खणात पडले, तर कागदावर 28 असोत की 30, घरातल्या कोणाला तरी सोबत घेऊनच पुढचं समजावायचं आणि सूचना मोठ्या अक्षरात लिहून द्यायच्या.

कमी गुण आले की थेट मेंदूचा एमआरआय लिहू नये. आधी रक्तातलं बी12, टीएसएच (थायरॉइडसाठी), हिमोग्लोबिन, एचबीए1सी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी). शाकाहारी आणि वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी घेणारा पेशंट असेल तर बी12 कमी निघण्याची शक्यता चांगलीच. झोपेसाठी 'स्टॉप-बँग'चे आठ प्रश्न: घोरणं, दिवसाची पेंग, झोपेत श्वास थांबलेला कोणी पाहिलाय का, रक्तदाब, आणि बीएमआय, वय, मानेचा घेर, लिंग. पाच किंवा जास्त 'हो' आले तर झोपेची तपासणी आधी, स्मरणशक्तीचं लेबल नंतर. उदासीसाठी पीएचक्यू-9 ही प्रश्नावली, गुण 10 किंवा वर गेले तर तिकडे लक्ष. औषधांची पिशवी टेबलावर उलटी करायला सांगावी. गुंगी आणणारी अल्प्राझोलाम, अॅमिट्रिप्टिलिन आणि डोकेदुखीसाठी चालू असलेलं टोपिरामेट सापडतं; शेवटच्या औषधानं नेमका शब्दच आठवेनासा होतो.

ऑपरेशननंतर सुधारतं का? नेदरलँड्समधल्या बॅरिको अभ्यासात दोन वर्षांनी सुमारे 43 टक्के लोकांच्या एकूण आकलनात किमान 20 टक्के वाढ दिसली. म्हणजे निम्म्याहून जास्तांत तेवढी दिसली नाही, हेही पेशंटला सांगावं. पुन्हा मोका घ्यायचा तर तीन महिन्यांच्या आत तीच शब्दयादी नको. पाठ झालेले शब्द सुधारणा म्हणून मोजले जातात. कागदाची आवृत्ती, वेळ आणि त्या दिवशीची साखर वरच लिहून ठेवावी.

एका प्रसंगी हा कागद काढूच नये. ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही महिन्यांत सतत उलट्या, त्यात माणूस गोंधळलेला, चालताना झोक जातोय, एकाच्या दोन वस्तू दिसताहेत: ही थायामिनची, म्हणजे बी1 ची कमतरता असू शकते. यात तास मोजावे लागतात, उशीर झाला तर स्मरणशक्ती कायमची जाते. गावाकडे अशक्तपणा म्हटला की ग्लुकोजची बाटली चढते. थायामिन शिरेतून गेल्याशिवाय ती चढली तर दुखणं बळावतं. म्हणून डिस्चार्ज कार्डावर पहिल्याच ओळीत, लाल शाईनं, मराठीत: 'वजनाचं ऑपरेशन झालेलं आहे. ग्लुकोजच्या आधी बी1 द्या.'