लीजच्या गाडीत देखभाल समाविष्ट करावी का? दोन गाड्या वापरल्यानंतरचा अनुभव

कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत आमचे छोटे मशीन शॉप आहे. त्यासाठी आम्ही एकाच मॉडेलच्या दोन पेट्रोल गाड्या चार वर्षांच्या लीजवर घेतल्या. एकीच्या हप्त्यात देखभाल समाविष्ट केली, दुसरीच्या हप्त्यात केली नाही. भागीदारांत एकमत होत नव्हते, म्हणून मुद्दामच तसे केले. आता तिसरे वर्ष संपत आले असून नुकत्याच टायरवरून लीज कंपनीशी झालेल्या वादानंतर हा अनुभव सविस्तर मांडावा असे वाटले. लीज म्हणजे ठरावीक मुदतीसाठी दरमहा हप्ता देऊन गाडी वापरायला घेणे; मालकी लीज कंपनीकडेच राहते आणि मुदतीअखेर गाडी परत द्यायची असते.

देखभालीसह घेतलेली गाडी चाकण, पिंपरी, बेळगाव, हुबळी अशी ग्राहकांकडे धावते, तर दुसरी शिरोली, कागल आणि शहर एवढ्यातच फिरते. पहिल्या गाडीसाठी देखभालीपोटी दरमहा साधारण 2,200 रुपये जास्त जातात आणि हा आकडा कर धरून आहे. कर धरूनच तुलना करावी, कारण वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम 17(5) प्रमाणे चालकासह 13 पर्यंत आसने असलेल्या प्रवासी गाडीच्या भाड्यावर किंवा दुरुस्तीवर भरलेल्या कराची वजावट, म्हणजे तो आपल्या विक्रीवरच्या करातून वळता करून घेण्याची सवलत, आमच्यासारख्या कारखान्याला मिळत नाही. विक्री प्रतिनिधी कोटेशनमध्ये कराआधीची रक्कम ठळक छापतात आणि ऐकणाऱ्याला ती स्वस्त वाटते.

देखभाल घेऊ नये, असे माझे पहिल्यापासूनचे मत होते. ज्या शहरात शिवाजी उद्यमनगर आहे, जिथे कोणताही सुटा भाग खराद करून, वेल्डिंग करून किंवा नवा घडवून मिळतो, तिथे दुरुस्तीसाठी दरमहा ठरावीक रक्कम आगाऊ का मोजायची, हा माझा साधा हिशेब होता. शिवाय आमच्या मॉडेलला 3 वर्षे किंवा 1 लाख किलोमीटरची वॉरंटी आहे, म्हणजे इंजिन, गिअरबॉक्स किंवा एसीचा कॉम्प्रेसर यांसारखा मोठा खर्च त्या काळात उत्पादकाकडेच राहतो. पहिल्या वर्षाची बिले समोर ठेवली तेव्हा हे मत पक्के झाले. सुरुवातीच्या सर्व्हिसिंगची मजुरी मोफत होती आणि ऑइल, फिल्टर एवढेच पैसे लागले, त्यामुळे देखभालीविना असलेली गाडी उघडच स्वस्त पडली.

दुसऱ्या वर्षी त्या गाडीचे पुढचे ब्रेक कुरकुरू लागले, तेव्हा मी ती नेहमीच्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी चाक काढून पाहिले, पॅड बदलायला आल्याचे सांगितले, पण काम हाती घेण्याआधी आरसी बुकातले नाव विचारले. "मालक, गाडी तुमच्या नावावर न्हाई. मी हात लावला आन् उद्या काय झालं तर निस्तरायचं तुम्हालाच," असे ते म्हणाले आणि त्यांचे म्हणणे शंभर टक्के बरोबर होते. आमच्या करारात स्पष्ट लिहिले आहे की गाडीची सर्व कामे अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्येच व्हावीत, त्यांची नोंद राहावी आणि मुदतीअखेर गाडी परत देताना नोंदीत खंड दिसल्यास त्याची भरपाई आम्ही करावी. म्हणजे देखभाल वगळली तरी उद्यमनगर आपल्याला मोकळे होत नाही. बचतीचा जो सगळा हिशेब आपल्या ओळखीच्या मिस्त्रींवर उभा असतो, तो मालकीच्या गाडीपुरता खरा आहे. लीजच्या गाडीत एका बाजूला पॅकेजचा हप्ता आणि दुसऱ्या बाजूला अधिकृत सेंटरचे पूर्ण दराचे बिल, एवढीच निवड उरते. येथून माझे मत बदलू लागले.

मोठे बिघाड वॉरंटीत जात असतील, तर मग पॅकेज विकत तरी काय देते, हे कागद घेऊन बसल्यावर लक्षात आले. ऑइल, फिल्टर, वायपर, ब्रेक पॅड, बॅटरी, क्लच आणि टायर अशी झिजणाऱ्या वस्तूंची ती यादी आहे, आणि वर्षाला तीस हजारांच्या आसपास किलोमीटर धावणाऱ्या गाडीत तिचा सर्वांत जड भाग टायर हाच आहे. त्यामुळे पॅकेज घ्यावे की नाही, हा प्रश्न बहुतांशी टायरच्या कलमापाशीच येऊन थांबतो.

आमच्या करारातले ते कलम दर 40,000 किलोमीटरला चार टायर, असे आहे. पहिला संच ठरल्याप्रमाणे विनातक्रार बदलून मिळाला. दुसऱ्या संचाच्या वेळी मात्र सातारा ते कागल या टप्प्यातले सहापदरीकरण, त्यासाठी काढलेली वळणे, खचलेले सेवारस्ते आणि वर पावसाळा यांनी चाकांचे अलाइनमेंट, म्हणजे चाके योग्य कोनात सरळ ठेवणारी जुळणी, वारंवार बिघडवले. मुदतीच्या बऱ्याच आधी चालकांनी सांगितले की ओल्या रस्त्यावर गाडी ब्रेक लावताना सरकते आहे. बाहेरून पाहिले तर टायर ठीक दिसत होते. स्टिअरिंग पूर्ण वळवून आतली कड पाहिली, तेव्हा झीज दाखवणारी खाचेतली आडवी पट्टी रबराच्या पातळीला आली होती. ही पट्टी 1.6 मिलिमीटरवर असते आणि तिच्याखाली गेलेला टायर रस्त्यावर वापरण्याजोगा राहत नाही. मी शॉपमधला डिजिटल व्हर्निअर, म्हणजे बारीक मापे घेण्याचे साधन, आणून त्याच्या मागच्या दांडीने खोली मोजली. बाहेरच्या खाचेत चार मिलिमीटरच्या वर भरले आणि आतल्या खाचेत दीडही भरेना.

लीज कंपनीच्या मदत केंद्राचे उत्तर ठरलेले होते: किलोमीटर पूर्ण झालेले नाहीत आणि असमान झीज अलाइनमेंटच्या दुर्लक्षामुळे असल्याने ती पॅकेजमध्ये बसत नाही. मला याचा मनापासून संताप आला, कारण प्रत्येक सर्व्हिसिंगला अलाइनमेंट त्यांनीच नेमलेल्या सेंटरने केले होते आणि त्याची नोंद त्यांच्याच प्रणालीत होती. जी काळजी घेण्याची जबाबदारी आम्ही पैसे देऊन त्यांच्याकडे सोपवली, ती न घेतल्याचा ठपका आमच्यावर ठेवणे कोणत्याही व्यवहारात बसत नाही. व्हर्निअरच्या आकड्यांसह छायाचित्रे, अलाइनमेंटच्या नोंदी आणि कराराचे पान जोडून लेखी तक्रार केली. बऱ्याच पत्रव्यवहारानंतर पुढचे दोन टायर मंजूर झाले, पण तोपर्यंत गाडी शेडमध्ये उभी होती, आणि पुण्याला जायला भाड्याच्या गाडीचा खर्च आम्ही सोसला. पर्यायी गाडीचे कलम केवळ बिघाडाला लागू होते, मंजुरीच्या प्रतीक्षेला नाही.

एवढे होऊनही त्या गाडीपुरते पॅकेज घेतले हे योग्यच झाले, असे माझे आजचे मत आहे. सर्व्हिसिंगची बिले, टायरचा एक पूर्ण संच, आता मिळालेली जोडी आणि बदललेली बॅटरी यांची बेरीज भरलेल्या रकमेच्या पुढे गेली आहे, आणि चौथे वर्ष, म्हणजे वॉरंटी संपल्यानंतरचे वर्ष, अजून पुढेच आहे. शहरात फिरणाऱ्या गाडीला मात्र पॅकेज घेतले असते तर पैसे वाया गेले असते, कारण न वापरलेल्या किलोमीटरचा परतावा मिळत नाही.

कोल्हापूरकरांनी एक गोष्ट वेगळी तपासावी. पुराचे पाणी इंजिनात शिरून झालेले नुकसान देखभालीच्या पॅकेजमध्ये नसते आणि साध्या सर्वसमावेशक विम्यातही सहसा नसते. त्यासाठी इंजिन संरक्षणाचे जादा कलम लागते. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि 2021 च्या जुलैमध्ये शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलेले आपण पाहिले आहे. विमा लीज कंपनीच काढते, म्हणून ते कलम आहे की नाही हे पॉलिसी मागवूनच पाहावे.

सध्या मालवाहू टेम्पोच्या लीजची बोलणी चालू आहेत. मालवाहू वाहनाच्या भाड्यावर आणि दुरुस्तीवर कराची वजावट मिळत असल्याने तिथे देखभाल घेण्याकडे माझा कल आहे. टायर किलोमीटरवर नव्हे, तर 1.6 मिलिमीटरच्या खुणेवर बदलावेत, ही अट कंपनीने तोंडी मान्य केली आहे. त्यांच्या सेंटरने अलाइनमेंट केलेले असताना असमान झिजेचे कारण पुढे करता येणार नाही, या दुसऱ्या ओळीवर अजून त्यांचे उत्तर आलेले नाही, आणि ती ओळ करारात आल्याशिवाय मी सही करणार नाही.