कोलंबोहून निघणारं तिकीट आणि मुंबईत चढायचा सल्ला

मुलगी इंग्लंडला शिकायला. पदवीदानाला आई, वडील आणि आजी अशा तिघांना जायचं होतं. मुंबई–लंडन परतीचे भाव बघून कोल्हापुरातलं हे कुटुंब अडखळलं, तेव्हा ओळखीतून आलेल्या एका एजंटने तिघांचे मिळून साठेक हजार वाचवून देतो म्हणून सांगितलं. त्याने सांगितलेली युक्ती खोटी नव्हती. जगभरचे सराईत प्रवासी ती वापरतात, म्हणून कुणी चौकशी केली असती तरी "हो, असं होतं खरं" हेच उत्तर मिळालं असतं.

विमानाचं भाडं अंतरावर ठरत नाही. कुठून कुठे जायचं आहे आणि त्या गावचा प्रवासी किती पैसे मोजायला तयार आहे, यावर ठरतं. मुंबईचा माणूस लंडनच्या थेट विमानाला जास्त पैसे देतो. कोलंबोच्या माणसाला मात्र वाटेत विमान बदलायला लावायचं असेल तर कंपनीला भाव उतरवावा लागतो. त्यामुळे कोलंबो–मुंबई–लंडन हे तिकीट कधीकधी नुसत्या मुंबई–लंडनपेक्षा स्वस्त पडतं, दुसरा टप्पा त्याच विमानातला असला तरी. प्रवास दुसऱ्या देशातून सुरू करून पैसे वाचवतात ते असे. अट एकच, आणि तिला पळवाट नाही: प्रवास खरोखर त्या देशातूनच सुरू करावा लागतो.

एजंटने नेमकं इथेच फिरवलं. "काका, कोलंबोला कशाला जाताय वो? विमान मुंबईवरनंच जातंय की. तिथंच चढायचं."

तिकिटात चार कूपनं होती: कोलंबो–मुंबई, मुंबई–लंडन, लंडन–मुंबई, मुंबई–कोलंबो. कूपनं क्रमाने वापरावी लागतात, हा जवळजवळ सगळ्याच मोठ्या कंपन्यांचा नियम. पहिल्या टप्प्याला प्रवासी आला नाही की 'नो-शो' लागतो आणि पुढची सगळी कूपनं रद्द होतात, परतीचीसुद्धा. मुंबईच्या काउंटरवर कितीही विनवण्या केल्या तरी तिथल्या माणसाच्या हातात फारसं काही नसतं. फार तर आजच्या भावाने नवं तिकीट घ्या म्हणतो, आणि आयत्या वेळचा भाव वाचवलेल्या पैशांच्या कितीतरी पट असतो.

या कुटुंबाला कोलंबोचा टप्पा कागदावर दिसलाच नाही. व्हॉट्सअॅपवर आलेल्या पीडीएफमध्ये मुंबई–लंडन आणि लंडन–मुंबई एवढंच होतं, पहिली आणि शेवटची ओळ कापलेली. आदल्या संध्याकाळी वेब चेक-इन होईना, तेव्हा "सर्व्हर डाऊन आहे, काउंटरवर करून देतील" असं उत्तर आलं. कोलंबोचं विमान या तिघांशिवाय उडालं, तेव्हा ते भाड्याच्या गाडीतून मुंबईच्या वाटेवर होते. टर्मिनल दोनवर पोचेपर्यंत तिकीट मेलेलं होतं.

कापलेल्या पीडीएफमध्येही खुणा उरतात, फक्त कुठे बघायचं ते माहीत पाहिजे. भाड्याच्या हिशेबाची एक लांबलचक, न समजणारी ओळ असते. तिची सुरुवात प्रवास जिथून सुरू होतो त्या शहराच्या तीन अक्षरांनी होते. मुंबईचं तिकीट असेल तर बीओएम. सीएमबी दिसलं तर कोलंबो. मूळ भाडं दुसऱ्या देशाच्या चलनात किंवा डॉलरमध्ये आणि खाली समतुल्य रुपये असतील, तरी प्रवास भारतातून सुरू होत नाही असंच समजा. पानाच्या तळाशी 'दोनपैकी एक' असं छापलेलं असेल तर दुसरं पान मागा. एवढी शोधाशोध नको असेल तर एजंटच्या पीडीएफकडे बघूच नका: कंपनीच्या वेबसाइटवर सहा अक्षरी पीएनआर आणि आडनाव टाकून बुकिंग उघडा. तिथे सगळे टप्पे दिसतात. एजंटच्या पोर्टलचा पीएनआर आणि विमान कंपनीचा पीएनआर वेगळे असू शकतात. त्याच्याकडून कंपनीचाच मागून घ्यायचा.

पीएनआर उघडला, नावं दिसली, 'कन्फर्म्ड' असं लिहिलेलं आहे, म्हणजे तिकीट झालं असं नाही. यात दोन वेगळे डाव चालतात. पहिल्यात एजंट जागा नुसती धरून ठेवतो, तिकीट काढतच नाही. मुदत संपली की बुकिंग आपोआप गळून पडतं, तोवर त्याला पैसे मिळालेले असतात. यावर उपाय ई-तिकीट क्रमांक मागण्याचा. तो १३ आकडी असतो आणि पहिले तीन आकडे कंपनीचे: एअर इंडिया ०९८, एमिरेट्स १७६, कतार १५७, श्रीलंकन ६०३. क्रमांक नाही तर तिकीट नाही.

दुसरा डाव जास्त बेरकी. तिकीट खरोखर काढायचं, खरा क्रमांक पाठवायचा, ग्राहकाने वेबसाइटवर तपासून निःशंक व्हायचं, आणि त्याच दिवशी रात्र व्हायच्या आत एजंटने ते 'व्हॉइड' करायचं. काढलेलं तिकीट त्याच दिवशी रद्द करायची सोय एजंटांना चूक सुधारण्यासाठी असते, आणि त्यात पैसे जवळपास पूर्ण परत मिळतात, अर्थात त्याला. म्हणून तपासणी दुसऱ्या दिवशी पुन्हा करायची आणि निघण्याच्या आठवडाभर आधी आणखी एकदा. कंपनीला फोन करून तीन प्रश्न विचारा: तिकीट इश्यू झालंय का, सगळी कूपनं 'ओपन' म्हणजे वापरायची बाकी आहेत का, पहिलं कूपन कुठून कुठे आहे. फोन नंबर कंपनीच्या वेबसाइटवरूनच घ्यायचा. शोधयंत्रावर वर दिसणारे 'कस्टमर केअर' नंबर पुष्कळदा भामट्यांचे असतात, आणि एका फसवणुकीतून सुटायला जाऊन माणूस दुसरीत अडकतो.

छोट्या गावातले बरेचसे एजंट स्वतः मान्यताप्राप्त नसतात. ते घाऊक विक्रेत्याच्या पोर्टलवर वॉलेटमध्ये पैसे भरून तिकीट काढतात. यात गैर काही नाही, बहुतेक जण सचोटीने धंदा करतात. पण एजंट 'आयटा'ची, म्हणजे विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची, मान्यता असल्याचं सांगत असेल तर त्याच्याकडे आठ आकडी कोड असला पाहिजे, आणि तो आयटाच्या 'चेक अ कोड' सेवेवर तपासता येतो. पैसे फर्मच्या खात्यात आणि शक्य तर क्रेडिट कार्डाने द्या. सेवा मिळाली नाही तर बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे कार्डाने भरलेले पैसे परत, मागता येतो. या प्रकरणात रक्कम यूपीआयने, एजंटच्या मेव्हण्याच्या वैयक्तिक खात्यावर, रोजच्या लाखाच्या मर्यादेत तुकडे करून गेली होती. अशा पैशाला चार्जबॅकचा आधार नाही.

आता कुणी म्हणेल, मग कोलंबोला खरंच जाऊन बसलं तर? जरूर बसावं, पण आधी हिशेब मांडावा. कोल्हापूर ते मुंबई, मुंबई–कोलंबो वेगळं तिकीट, परतताना पुन्हा कोलंबो–मुंबई, श्रीलंकेची ईटीए (प्रवासाआधी घ्यायची ऑनलाइन परवानगी), विमानतळ कटुनायकेला म्हणजे कोलंबोपासून तीसेक किलोमीटरवर, त्यामुळे तिथे एक रात्र मुक्काम. मुक्काम टाळायचा मोह नको. दोन वेगळ्या तिकिटांत पहिलं विमान उशिरा आलं तर दुसरी कंपनी जबाबदार नसते, आणि तेव्हाही नो-शोच लागतो. सामान थेट पुढे जात नाही. इमिग्रेशन ओलांडून बॅगा घ्यायच्या आणि पुन्हा द्यायच्या. लंडनच्या तिकिटावर २३ किलोच्या दोन बॅगा चालत असतील, पण मुंबई–कोलंबोच्या स्वस्त तिकिटावर तेवढं वजन बसेलच असं नाही. जादा सामानाचे पैसे भरताना बचत तिथेच विरघळते. तिकीट परदेशी चलनात कार्डाने घेतलं तर बहुतेक कार्डांवर दोन ते साडेतीन टक्के मार्कअप (परकीय चलनासाठीचं जादा शुल्क) आणि त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी. इकॉनॉमीने जाणाऱ्या कोल्हापूरकराला हा उलटा प्रवास सहसा परवडत नाही, हे स्पष्ट सांगितलेलं बरं. बिझनेस क्लासमध्ये फरक मोठा असू शकतो, तिथे तो विचार करण्यासारखा. ऐंशीच्या घरातल्या आजीला घेऊन तर हा उद्योग नकोच.

परतीचा शेवटचा टप्पा सोडून मुंबईतच उतरायचा सल्लाही मिळतो. त्यानंतर रद्द व्हायला कूपन उरलेलं नसतं हे खरं, पण चेक-इन केलेल्या बॅगा कोलंबोला जातात, आणि कंपनीच्या अटींचा भंग होतो तो वेगळाच.

पीडीएफमधली कापाकापी आधी लक्षात आली तर पहिल्या टप्प्याचं विमान सुटायच्या आत कंपनीला फोन करा. तोपर्यंत कूपनं जिवंत असतात. दंड आणि फरक भरून मार्ग बदलता येतो किंवा तिकीट रद्द करून भाड्याच्या नियमाप्रमाणे काही पैसे वाचतात. एकदा नो-शो लागला की फारसं काही उरत नाही.

फसवणूक होऊन गेली असेल तर विमानतळावरच काउंटरवरून किंवा ईमेलने लेखी कारण मागून घ्या: पहिला टप्पा न वापरल्यामुळे तिकीट रद्द. त्याला जोड म्हणून संपूर्ण व्हॉट्सअॅप संभाषण, एजंटने पाठवलेली मूळ पीडीएफ आणि यूपीआयचा १२ आकडी संदर्भ क्रमांक जपा. "मुंबईतच चढायचं" असा व्हॉइस मेसेज असेल तर त्याच्यासारखा पुरावा नाही. पैसे नुकतेच गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन. उशीर झाला की रक्कम गोठवण्याची शक्यता घटते. पोलिसांकडे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीची तक्रार देता येते. जिल्हा ग्राहक आयोगात घटनेपासून दोन वर्षांच्या आत जाता येतं आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून ठेवावी.

एक रक्कम मात्र बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही. नो-शो झाला तरी विमानतळ शुल्क आणि सरकारी कर परत करावेत असा डीजीसीएचा, म्हणजे नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाचा, नियम आहे. हे पैसे ज्या मार्गाने तिकिटाचे पैसे भरले गेले त्याच मार्गाने परत जातात, म्हणजे एजंटच्या वॉलेटमध्ये. तिकीट रद्द झाल्याबरोबर कंपनीला १३ आकडी क्रमांकासह लिहा की परतावा एजंटकडे जमा करू नये, वाद चालू आहे. सोबत तक्रारीची प्रत जोडा आणि कंपनीकडून आलेल्या पोचीचा क्रमांक आयोगाच्या अर्जात घाला.