सोलापूरच्या उन्हात बजेट फोन: काय चाललं, काय नाही

नवी पेठेतनं घेतलेला पंधरा हजाराच्या आतला ५जी फोन. ५००० एमएएचची बॅटरी आहे, दिवसभर यूपीआय, व्हॉट्सअ‍ॅप, थोडं यूट्यूब करून रात्री पण चार्ज उरतो, त्यात तक्रार नाही. पण आपला मे महिना म्हणजे ४२-४३ डिग्री, गाडीवर होल्डरला लावून मॅप चालू केला की थोड्याच वेळात ब्राइटनेस आपोआप कमी, मग स्क्रीनवर काही दिसेल तर शपथ! गरम झाला की चार्जिंग पण हळू होतंय, आता ते बॅटरी वाचवायला मुद्दाम केलेलं असतंय म्हणा. कॅमेरा दिवसा झकास, गड्डा यात्रेतले रात्रीचे फोटो मात्र सगळे धुरकट. स्पीकर बरा. नको ती अ‍ॅप आधीच भरलेली, काढत बसा. घरी-ऑफिसात वापरणाऱ्यांनी बिनधास्त घ्या, दिवसभर उन्हात फिरणाऱ्या डिलिव्हरीवाल्यांनी नको.