शिन मेगामी टेन्सेई ५ व्हेन्जन्स: लढाईआधी बोलणी करायला लावणारा गेम

बोरिवली ते चर्चगेट, रोज जाऊन-येऊन दोन तास, त्यात गेले तीन महिने निन्टेन्डो स्विचवर (हातात धरून खेळायचं गेमिंग यंत्र) हा एकच गेम चालू आहे. मूळ गेम २०२१ चा, ही वाढवलेली आवृत्ती जून २०२४ ची, अॅटलस या जपानी कंपनीचीच. लोकलवाल्यांसाठी सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे यात लढाई सोडून कुठेही सेव्ह करता येतं, आधी त्यासाठी ठराविक जागा शोधत फिरावं लागायचं. दादरला गर्दी आत घुसली की लगेच सेव्ह करून बॅगेत.

उद्ध्वस्त टोकियोत फिरायचं, समोर जो डेमॉन (राक्षस, देव, भुतं असं कोणीही) येईल त्याच्याशी लढायचं नाहीतर बोलून त्याला आपल्यात घ्यायचं. बोलणी म्हणजे अगदी भाजीवालीशी घासाघीस, तो पैसे मागतो, मग एखादी वस्तू मागतो, मग वर तुमचं थोडं रक्तही मागतो, आणि सगळं घेऊन निघूनही जाऊ शकतो. माझं सांगणं एवढंच की मागितलं ते द्या, पैसे परत मिळतात. पण तुमच्यापेक्षा वरच्या लेव्हलचा डेमॉन येत नाही, त्याच्यासाठी आधी लेव्हल वाढवा. आणि स्टॉकमध्ये, म्हणजे जवळ बाळगता येणाऱ्या डेमॉनच्या यादीत, जागा रिकामी ठेवा, ग्लोरी (नवीन क्षमता घ्यायचे पॉइंट) मिळाली की सगळ्यात आधी स्टॉकच्या जागा वाढवून घ्या, हे मला फार उशिरा कळलं.

आता लढाई. चार जण म्हणजे चार टर्न. समोरचा ज्याला कच्चा आहे त्या प्रकारचा हल्ला, म्हणजे त्याच्या वीकनेसवर, मारलं किंवा क्रिटिकल (नेहमीपेक्षा जोरदार फटका) बसला की अर्धाच टर्न खर्च होतो, म्हणजे चाराचे आठ होऊ शकतात. पण हल्ला चुकला किंवा ब्लॉक झाला तर दोन जातात, आणि उलटा फिरला की शोषला गेला तर सगळेच संपले. हाच नियम शत्रूलाही लागू आहे आणि खरी मजा तिथेच आहे, कारण तुमची पार्टी नीट निवडलेली असेल तर त्याचे टर्न तुम्ही खाता. नुसतं ग्राइंड करून, म्हणजे त्याच त्या लढाया करत लेव्हल वाढवून, भागत नाही. लेव्हलच्या फरकाने डॅमेज बराच बदलतो हे खरं, पण चुकीची पार्टी घेऊन गेलात तर लेव्हल किती वाचवणार.

हायड्रा हा पहिला मोठा बॉस, त्याने मला तीनदा संपवलं. हिरो, म्हणजे आपलं मुख्य पात्र, मेला की खेळ खल्लास, बाकीचे तिघे जिवंत असले तरी, हे जरा कठोर आहे असं मला अजूनही वाटतं. चौथ्यांदा बर्फाचे हल्ले असलेले डेमॉन जमवले कारण तो बर्फाला कच्चा आहे, आणि फायर डॅम्पनर, म्हणजे आगीचा हल्ला अडवणारी वस्तू, बरोबर घेतला. बॉस मागात्सुही (मोठ्या हल्ल्यासाठीची शक्ती) गोळा करायला लागला की समजायचं पुढच्या टर्नला मोठा फटका येणार. तो गोळा करायला लागला, मी डॅम्पनर लावला, त्याने आग ओकली आणि कोणाचा केसही जळला नाही, वर त्याचेच टर्न उडाले. अंधेरी आलं होतं, मी उभाच होतो, शेजारचे काका पण स्क्रीनमध्ये बघायला लागले होते!

फ्युजनचं सांगतो, कोणत्याही डेमॉनला चिकटून बसू नका. माझी पिक्सी (सुरुवातीलाच मिळणारी छोटी डेमॉन) मी उगाच वीस लेव्हल सांभाळली. दोघांना जोडून नवीन करा, जुन्यांचे स्किल पुढे जातात, आणि जुना हवाच असेल तर कंपेन्डियममधून (मिळवलेल्या डेमॉनची नोंदवही) पैसे देऊन परत बोलावता येतो. नवीन भागात शिरलं की स्पायग्लास ही वस्तू वापरून शत्रूचे वीकनेस बघायची सवय लावा, चार लढायांत वसूल होतो.

लक्ष्मी, पार्वती, काली, शिव हेही आहेत यात. शिवाशी लढायला अजून माझी तयारी नाही, तो शेवटाकडच्या फार अवघड सामन्यांपैकी एक आहे, पण लक्ष्मीला पार्टीत घेतल्यावर घरी आईला दाखवली होती.

कॅज्युअल मोड, म्हणजे सोपी पातळी, आहे, अडलात तर बिनधास्त घ्या. माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा हिरोच्या नियमासाठी कापला.